‘करण्यात यावे’पासून ‘करून झाले’पर्यंत : हमीभाव खरेदीची चौकट आणि केंद्राच्या कामाची रीत

१. चौकट आणि रीत

कोणत्याही मोठ्या कारभाराचे वर्णन दोन अंतरांवरून करता येते. दुरून पाहिले असता त्याचा सगळा आवाका दिसतो : खरेदी, साठवण, विक्री, हिशेब, नोकरवर्ग, तक्रारींचे निवारण. जवळून पाहिले असता हातात एक कागद घेऊन उभा असलेला एक माणूस दिसतो, आणि हा कागद आता कोणाकडे द्यावयाचा, हा त्याचा प्रश्न असतो. पहिल्या वर्णनास येथे ‘चौकट’ आणि दुसऱ्यास ‘कामाची रीत’ असे म्हटले आहे. चौकटीचे रूपांतर रीतीत कसे होते, आणि एका केंद्रावर एका हंगामात बसलेली रीत दुसऱ्या केंद्रावर व दुसऱ्या हंगामात पुन्हा कशी वापरता येते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राचा समजला जातो. त्या शास्त्रात अशा चौकटी पुष्कळ आहेत. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ‘अमेरिकन प्रॉडक्टिव्हिटी अँड क्वालिटी सेंटर’ या संस्थेचे प्रक्रिया-वर्गीकरण हे त्यांतील एक सुपरिचित उदाहरण होय. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या या वर्गीकरणात आज संस्थेच्या समग्र कारभाराचे तेरा वर्ग कल्पिलेले आहेत, आणि प्रत्येक वर्ग गट, प्रक्रिया, क्रिया व कृती अशा क्रमाने खाली उतरत पाचव्या पातळीपर्यंत जातो. साबणाचा कारखाना असो की रुग्णालय, दोहोंस ते लागू पडावे अशी त्याची रचना आहे. परंतु पाचव्या पातळीवरही त्यात आढळते ती कृतीचे नाव. ती कृती कोणी, कधी, कशाने करावयाची आणि झाल्यावर कोणाच्या हाती सोपवावयाची, हे तेथे नसते. ते तेथे असूही नये. कारण ते सांगताच वर्गीकरणाची सर्वत्र लागू पडण्याची शक्ती संपते.

म्हणजे चौकट आणि रीत यांतील अंतर हे तपशिलाच्या कमीअधिक प्रमाणाचे नाही. चौकटीत कितीही तपशील भरला तरी तिची रीत होत नाही. त्या दोहोंतील वाक्ये निराळ्या जातीची असतात, आणि हे निराळेपण व्याकरणाच्या साहाय्याने दाखविता येते. त्यासाठी लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांत दरवर्षी घडणारा एक व्यवहार उदाहरणादाखल घेतला आहे. तो म्हणजे सोयाबीनची हमीभावाने होणारी खरेदी.

२. दिल्लीतील वाक्य आणि केंद्रावरील माणूस

किमान आधारभूत किमतीची शिफारस करणारा आयोग १९६५ साली स्थापन झाला. १९८५ पासून तो कृषी मूल्य व उत्पादन-खर्च आयोग या नावाने ओळखला जातो. बाजारातील दर आधारभूत किमतीच्या खाली गेले म्हणजे तेलबिया व कडधान्ये यांची खरेदी केंद्र शासनाच्या किंमत आधार योजनेखाली होते. १९५८ साली स्थापन झालेली ‘नाफेड’ ही सहकारी संस्था या खरेदीची एक प्रमुख यंत्रणा होय. नाफेडखाली राज्य पातळीवरील पणन संस्था, त्यांच्याखाली तालुक्याचे खरेदी-विक्री संघ किंवा शेतकरी उत्पादक कंपन्या, आणि अखेरीस प्रत्यक्ष खरेदी-केंद्र, अशी ही उतरंड आहे.

सोयाबीनची आधारभूत किंमत २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये होती. ही किंमत मिळावी यासाठी शेतकऱ्याने काय करावे लागते ते पाहावे. पिकाची नोंद असलेला सातबारा उतारा, आधार क्रमांक व बँक खाते यांच्या आधारे त्याने नोंदणी करावयाची. भ्रमणध्वनीवर संदेश आला म्हणजे ठरल्या दिवशी माल घेऊन केंद्रावर यावयाचे. तेथे मालाची प्रत व ओलावा तपासला जातो. माल पसंत पडल्यास चाळणी, भरती, वजन व शिलाई होऊन पोती वखारीत जातात. वखारीची पावती झाली की पैसे खात्यावर जमा होण्याचा मार्ग मोकळा होतो.

या साखळीतील प्रत्येक दुव्याविषयी वरून सूचना येतात. त्या सूचनांच्या भाषेची धाटणी सर्वांच्या परिचयाची आहे : मालाचा ओलावा तपासण्यात यावा, बारदान्याची उपलब्धता सुनिश्चित करण्यात यावी, शेतकऱ्यांची गैरसोय होणार नाही याची दक्षता घेण्यात यावी. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु तपासणारा कोण, बारदाना आणणारा कोण, दक्षता घेणारा कोण, हे त्यांतील एकाही वाक्यात नाही.

‘करण्यात यावे’ या रचनेचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. ‘करणे’ या धातुसाधित नामाची सप्तमी आणि त्यापुढे ‘येणे’ या धातूचे विध्यर्थी रूप, असे तिचे दोन घटक होत. तीत कर्ता सांगावयाचा झाल्यास तो ‘-कडून’ लावून सांगता येतो. पण तो न सांगताही वाक्य पूर्ण वाटते, हेच या रचनेचे सामर्थ्य आणि हाच तिचा धोका. जेथे ‘-कडून’ येते तेथेही बहुधा एखाद्या कार्यालयाचे किंवा यंत्रणेचे नाव येते, हाताने काम करणाऱ्या माणसाचे नव्हे. ‘संबंधित यंत्रणेकडून कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात कर्त्याची जागा भरलेली दिसते, परंतु वस्तुतः ती रिकामीच असते.

हे वाक्य पुढे प्रवासास निघते. दिल्लीहून मुंबईस, मुंबईहून जिल्ह्यास, जिल्ह्याहून तालुक्यास ते जात असता प्रत्येक टप्प्यावर त्याला एक जावक क्रमांक आणि ‘माहितीसाठी व पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी’ हा शेरा एवढीच भर पडते. वाक्य आहे तसेच राहते. केंद्रावर पोहोचते तेव्हाही त्याची कर्त्याची जागा रिकामीच असते.

व्याकरणात कर्ता अध्याहृत राहू शकतो. कामात तो राहू शकत नाही. कोणीतरी ते काम करतोच, किंवा ते न झाल्याचा भार कोणीतरी सोसतोच. ज्याच्यासाठी ही चौकट उभारली तो शेतकरीच केंद्रावर बहुधा या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. बारदाना कोणी मागवावयाचा हे ठरलेले नसेल तर बारदाना येईपर्यंत गाडी उभी ठेवण्याचे काम त्याच्याकडे येते. २०२४-२५ च्या हंगामात बारदान्याच्या टंचाईने राज्यात ठिकठिकाणी सोयाबीनची खरेदी खोळंबली होती. टंचाईची कारणे केंद्राबाहेरचीही असतात हे खरे. परंतु साठा संपत आल्याचे वेळीच कोणी, कोणास कळवावयाचे होते, हा प्रश्न प्रत्येक केंद्रापुरता केंद्राचाच असतो.

३. बाजाराची भाषा

या कर्तृहीन भाषेच्या शेजारीच मराठवाड्यात दुसरी एक भाषा पूर्वीपासून नांदत आहे. ती भुसार बाजाराची. हैदराबाद संस्थानात शेतमालाच्या बाजारांविषयीचा कायदा १३३९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९३० च्या सुमारास झाला. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढे १९६३ च्या शेतमाल पणन अधिनियमाने बाजार समित्यांना आजचे स्वरूप आले. राज्ये आणि कायदे बदलले तरी बाजारातील शब्द टिकून राहिले : अडत्या, मापाडी, हमाल, तोलाई, हमाली, पट्टी, कट्टा, मातेरे.

या शब्दांत पहिले तिन्ही शब्द माणसांचे आहेत. अडत करणारा तो अडत्या, माप करणारा तो मापाडी, ओझे वाहणारा तो हमाल. बाजाराच्या भाषेत कामाचे नाव घेतले की करणाऱ्याचे नाव आपोआप येते. ‘तोलाई’ आणि ‘हमाली’ हे शब्द काम आणि त्या कामाचे मोल दोन्ही सांगतात. त्यामुळे कोणत्या कामाचे पैसे कोणास द्यावयाचे हाही प्रश्न राहत नाही. बाजार समितीच्या व्यवस्थेत मापाडी व हमाल यांना स्वतंत्र परवाने असतात, हेही अर्थपूर्ण आहे. जो विकत घेतो त्याने वजन करू नये, हे तत्त्व त्यात आहे. आधुनिक व्यवस्थापनग्रंथांत कर्तव्यांची विभागणी या नावाने ज्याची मोठी चर्चा असते ते तत्त्व मोंढ्यात ‘मापाडी’ या एका शब्दात सामावलेले आहे.

बाजाराची भाषा निर्दोष आहे असे यावरून सुचवावयाचे नाही. तिच्यात शेतकऱ्याच्या हक्काची भाषा फारशी नव्हती, आणि ती आणण्यासाठीच कायदे करावे लागले. परंतु चौकटीच्या भाषेत जे नाही ते या भाषेत आहे. कामाची रीत घालणे म्हणजे, भाषेच्या दृष्टीने पाहता, परिपत्रकातील क्रियापदांना बाजारातील कर्तृवाचक नामे जोडून देणे होय.

४. सहा कारके

हे जोडण्याचे काम अंदाजाने करण्याची आवश्यकता नाही. भारतीय व्याकरणपरंपरेत क्रियेशी संबंध असणाऱ्या पदार्थांचे सहा प्रकार सांगितले आहेत : कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. वाक्याच्या अर्थाचे विवरण करण्यासाठी पाणिनीने वापरलेली ही कारके कामाच्या वाक्याची परीक्षा करण्यासही उपयोगी पडतात. ‘मालाचा ओलावा तपासण्यात यावा’ हेच वाक्य घेऊन ते पाहता येईल.

कर्म कोणते? माल हे कर्म नव्हे. तपासला जातो तो मालाचा नमुना. तो किती घ्यावयाचा हे ठरले पाहिजे. अपादान कोणते? म्हणजे नमुना कोठून घ्यावयाचा? गाडीच्या वरच्या थरातील सोयाबीन वाऱ्याने सुकलेले असते आणि तळचे दमट असते. तेव्हा वरून, मधून व तळातून असे तीन ठिकाणांहून घ्यावयाचे की हाताला येईल तेथून, यावर निकाल अवलंबून राहतो. करण कोणते? ओलावामापक यंत्र. ते यंत्र बरोबर दाखवते की नाही याची पडताळणी कोणी व केव्हा केली, हा प्रश्न त्यातूनच निघतो. कर्ता कोण? ग्रेडर, आणि तो रजेवर असल्यास कोण? संप्रदान कोणते? निकाल कोणास द्यावयाचा? मापाड्यास तर द्यावयाचाच, पण आकडा लिहिलेली चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातीही पडावयाची की नाही?

राहिले अधिकरण, म्हणजे ही क्रिया कोठे व केव्हा व्हावयाची. सहा कारकांत वरवर पाहता हे सर्वांत किरकोळ वाटते. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा खिसा याच्याशी बांधलेला आहे. गाडी रिकामी करण्यापूर्वी नमुना तपासला आणि माल ओला निघाला, तर शेतकरी गाडी वळवून परत नेतो. माल उतरवून ढीग घातल्यावर तपासला आणि ओला निघाला, तर उतरवण्याची हमाली गेली, भरण्याची पुन्हा लागली आणि दिवसही गेला. परिपत्रकातील वाक्य दोन्ही प्रसंगी सारखेच पाळले जाते. दोन्हीकडे ओलावा तपासण्यात आलेलाच असतो. आणखी एक पाऊल मागे जाऊन हीच क्रिया गावातच, माल निघण्यापूर्वी करता आली, तर फेरीच वाचते. शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद गावातलेच असल्यामुळे तिला हे साधणे विशेष सुलभ आहे.

ओलाव्याच्या आकड्यामागे किती पैसा असतो हेही हिशेबाने पाहावे. सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. १५ टक्के ओलावा असलेल्या १०० किलो मालात कोरडा भाग ८५ किलो असतो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविला की त्याचे वजन सुमारे ९६.६ किलो भरते. म्हणजे क्विंटलमागे ३.४ किलोंची घट, आणि ४,८९२ रुपयांच्या दराने सुमारे १६७ रुपये. ही घट न्याय्यच आहे, कारण पाण्याला दाण्याचा भाव मागता येत नाही. परंतु यंत्र एक टक्का अधिक दाखवीत असेल, किंवा नमुना केवळ तळातून घेतला असेल, तर शेतकऱ्याकडून जे जाते ते मात्र न्याय्य नसते. परतीच्या पावसात सोयाबीन काढणाऱ्या या दोन जिल्ह्यांत ऑक्टोबरच्या मालाला हा प्रश्न हटकून पडतो.

सहाही कारके भरल्यावर वाक्य असे होते : ‘ग्रेडरने गाडी रिकामी होण्यापूर्वी फाटकापाशी तीन थरांतून नमुना घ्यावा, सकाळी पडताळलेल्या यंत्राने ओलावा मोजावा, आणि आकडा चिठ्ठीवर लिहून एक प्रत शेतकऱ्यास व एक मापाड्यास द्यावी.’ हे वाक्य लांब आहे, पण ते वाचून काम करता येते. शिवाय त्यात पुढच्या कामाचे बीज आहे. चिठ्ठी हाती आल्याखेरीज मापाड्याने काट्यास हात लावावयाचा नाही. एका क्रियेचे संप्रदान हाच दुसऱ्या क्रियेचा कर्ता, अशा रीतीने वाक्ये एकमेकांत गुंफली गेली म्हणजे कामाची साखळी तयार होते.

काम संपल्याची खूण हीही व्याकरणातच सापडते. शालेय व्याकरणात ज्याला समापन कर्मणी म्हणतात त्या प्रयोगात क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ असतो आणि कर्ता षष्ठीत येतो : ‘ग्रेडरचा नमुना तपासून झाला’, ‘हमालांची पोती शिवून झाली’. ‘करण्यात यावे’ या रचनेत हरवलेला कर्ता ‘करून झाले’ या रचनेत परत येतो, आणि तोही षष्ठीत, म्हणजे स्वामित्वाच्या विभक्तीत. काम ज्याचे त्याच्या नावे लागते. केंद्रावरील दैनिक नोंद ‘खरेदी सुरळीत करण्यात आली’ अशी ठेवावयाची की प्रत्येक टप्प्यावर कोणाचे काय करून झाले अशी ठेवावयाची, या निवडीतच केंद्राच्या कारभाराची पारख होते.

५. नाम आणि सर्वनाम

आतापर्यंत एका केंद्रावर एका पिकाची रीत बसली. तीच रीत जानेवारीनंतर तुरीला, पुढे हरभऱ्याला, आणि लातूरहून नांदेडला कशी न्यावयाची, हा दुसरा प्रश्न. प्रत्येक हंगामात सर्व काही नव्याने ठरविणे हा अपव्यय आहे. आणि सोयाबीनचा कागद जसाच्या तसा तुरीला लावणे ही चूक आहे.

येथेही भाषेतील एक साधी व्यवस्था मार्गदर्शक ठरते. नाम विशिष्ट वस्तू दाखविते. सर्वनाम जागा दाखविते, आणि त्या जागी कोणती वस्तू हे संदर्भाने ठरते. पुन्हा वापरावयाच्या रीतीत विशिष्ट माणसाचे नाव घातल्यास तो माणूस बदलताच रीत मोडते. ‘ग्रेडर’, ‘मापाडी’, ‘नोंदणी-कारकून’ अशा भूमिका घातल्यास त्या जागी कोणीही येऊ शकतो. त्या दिवशी ग्रेडर कोण, हे सकाळी फळ्यावर लिहिले की पुरे.

आकड्यांचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्या खरीप हंगामापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. हंगाम सुरू असताना झालेला हा बदल रीतीच्या कसोटीचा उत्तम नमुना आहे. ज्या केंद्रावर १२ हा आकडा फाटकावरील फलकावर, चिठ्ठीच्या नमुन्यात, ग्रेडरच्या सूचनापत्रात आणि शेतकऱ्यांस धाडावयाच्या संदेशात असा चार ठिकाणी लिहिलेला असेल, तेथे तो चारही ठिकाणी बदलावा लागतो; आणि एखादे ठिकाण राहिले तर १४ टक्क्यांचा माल घेऊन आलेला शेतकरी फलक वाचून परत जातो. याउलट सर्व कागदांत ‘या हंगामाची मर्यादा’ एवढेच लिहून तो आकडा एकाच फलकावर ठेवला, तर एका ठिकाणी खडू फिरविल्याने काम भागते.

तेव्हा रीतीचे तीन भाग वेगळे ठेवावे लागतात. पहिला भाग स्थिर : कामांचा क्रम, भूमिका, आणि कोणी कोणाकडे काय सोपवावयाचे ते. हा भाग सोयाबीनला, तुरीला व हरभऱ्याला एकच राहतो. दुसरा भाग बदलता : पीक, दर, मर्यादा, तारखा, वखारीचे ठिकाण. तो एका स्वतंत्र पानावर राहावा आणि हंगामागणिक ते पान बदलावे. तिसरा भाग अपवादांचा : माल नापसंत झाल्यास, यंत्र बंद पडल्यास, बारदाना दोन दिवसांपुरताच उरल्यास, वखार भरल्यास काय करावयाचे. चौकटींत बहुधा हा तिसरा भागच नसतो. ‘तपासण्यात यावा’ या वाक्याला ‘आणि नापसंत झाल्यास’ हे पुढचे वाक्य नसते. केंद्रावरील तंटे मात्र सर्वांत अधिक तेथेच होतात. जुन्या अनुभवी लोकांस याचे विस्मरण होऊ नये. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२-७३ पासून सुमारे तीन दशके राज्यात चालली. कापूस हे नांदेड जिल्ह्याचे एक प्रमुख पीक. आणि ग्रेडरने लावलेली प्रत शेतकऱ्यास मान्य नसेल तर पुढे काय, हा त्या काळीही केंद्रावरील नेहमीचा प्रश्न होता.

६. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चौकटीतील कर्तृहीन भाषा हा दोष असेल तर दिल्लीतच कर्ते घालून सूचना का काढू नयेत? याचे उत्तर असे की, चौकटीचे मौन हा तिचा दोष नव्हे. किंमत आधार योजना लातूरच्या सोयाबीनला लागू आहे तशीच केरळातील खोबऱ्यालाही लागू आहे. फाटकापाशी नमुना घ्यावा असे दिल्लीहून सांगितले, तर ज्या केंद्रास फाटकच नाही त्याने काय करावे? चौकटीने जागा रिकाम्या ठेवाव्यात हेच योग्य. दोष आहे तो त्या रिकाम्या जागा न भरता वाक्य तसेच पुढे धाडण्यात. राज्याच्या पातळीवर काही जागा भरता येतात, जिल्ह्याच्या पातळीवर काही, आणि उरलेल्या केंद्रानेच भरावयाच्या असतात. प्रत्येक पातळीने आपण कोणती जागा भरली हे सांगावे. केवळ शेरा मारणे पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्व कारके आधीच भरून ठेवली तर काम करणाऱ्याच्या विवेकास जागा कोठे उरते? रीतीचाच पुढे नवा जाच होणार नाही काय? हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय तपशिलाचे प्रमाण ओळखण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी पडताळणी-यादी प्रसिद्ध केली तिच्यात केवळ १९ बाबी आहेत, आणि त्या तीन क्षणांशी बांधलेल्या आहेत : भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी, आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वी. शस्त्रक्रिया कशी करावी याविषयी ती यादी मौन पाळते. जेथे एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाते तेवढ्याच जागा ती पकडते. स्थानिक गरजेनुसार यादीत फेरफार करण्यासही संघटनेने उत्तेजन दिले आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिल्यावर रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. खरेदी-केंद्रासही हाच मापदंड लावता येईल. हमालाने पोते कसे उचलावे हे लिहिण्याचे कारण नाही. पोते कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेले, हे मात्र लिहिलेच पाहिजे.

यावरून रीत कोणी लिहावी याचेही उत्तर मिळते. काम करणाऱ्यांनी सांगावी आणि लिहिणाऱ्याने त्यांच्याच शब्दांत लिहावी. ‘गोणपाट पिशव्यांची उपलब्धता’ असे लिहिले तर हमाल तो कागद आपला मानणार नाही. ‘दोन दिवसांचा बारदाना उरला की कारकुनाने संघास कळवावे’ असे लिहिले तर पोत्यांच्या थप्पीकडे पाहून तोच कारकुनास आठवण करून देईल. शब्दाच्या निवडीने येथे देखरेखीचे काम केलेले असते.

७. उपसंहार

महाराष्ट्रात राजभाषेचा अधिनियम १९६४ साली झाला, आणि राज्यकारभार मराठीत चालावा यासाठी परिभाषेचे फार मोठे कार्य झाले. ते कार्य मुख्यतः नामांचे होते : पदांची नावे, संज्ञा, संकल्पना. वाक्याकडे तितके लक्ष गेले नाही. परिणामी शब्द मराठी झाले, परंतु वाक्य पुष्कळदा कर्त्याविना राहिले. कार्यालयीन मराठीच्या अभ्यासात यापुढे परिभाषेइतकेच वाक्यरचनेलाही स्थान मिळणे अगत्याचे आहे.

१९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे येतात. येथील भाषा-अभ्यासकांस या कामासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एखादे परिपत्रक मुंबईहून निघून तालुक्याच्या केंद्रापर्यंत येईतो त्यातील किती रिकाम्या जागा भरल्या गेल्या, याचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका हंगामात करता येण्याजोगा आहे. त्याला लागणारी सामग्री मोंढ्यात, वखारीत आणि संघाच्या कचेरीत पडलेली आहे. आणि तो अभ्यास करताना मापाड्याची व हमालाची भाषाही नोंदली जाईल, हा लाभ वेगळाच.

रीत बसली की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी नवा आलेला कारकून तो कागद वाचून, कोणासही न विचारता, पहिल्या गाडीचे काम पूर्ण करू शकला पाहिजे. आणि त्या गाडीवर बसून आलेल्या शेतकऱ्याने ‘आता पुढे काय?’ असे विचारले, तर त्याला उत्तर म्हणून एका माणसाकडे बोट दाखविता आले पाहिजे. जेथे असे बोट दाखविता येत नाही तेथे चौकट कितीही उत्तम असली तरी तिचा उरलेला कर्ता तो शेतकरीच असतो.